एक पाच तीन सहा दोन चार

वेंडेल म्हणतो, काढ ते धूड आणि आठाचं बसव,
माझ्या शेडमध्ये पडलंय एक, फुकट घेऊन जा.
दर वर्षी बर्फ वितळला की म्हणतो.
मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
कॉफी देते. तो कॉफी पिऊन जातो.

बॉनेट उघडलं की नवख्याला वाटतं,
इंजिन कुणीतरी ढकलून दिलंय.
तीस अंश उजवीकडे रेललेलं,
कुंपणाशी गप्पा मारत उभ्या शेजाऱ्यासारखं.
पण ते कारखान्यातूनच तसं आलं, चौसष्ट साली,
आणि त्याच साली आईला टपालाची नोकरी लागली.

हँकॉकच्या बाहेर एक्केचाळीस मैल,
दोनशे बारा पेट्या.
पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, स्टिअरिंग डावीकडे,
म्हणून आई सीटच्या उजव्या टोकाला बसायची.
डावा पाय ताणून पेडलवर, डावा हात चाकावर,
उजवा खिडकीबाहेर, थंडीत.
गिअरची बटणं पार त्या टोकाला,
ती दाबायला स्कीची अर्धी काठी, टोकाला रबरी बूच.
पंचवीस वर्षं.
इंजिन आणि लेम्पी केट्टुनेन,
दोघी एकाच बाजूला कललेल्या.

हिवाळ्यात बॅटरी रात्री सौनात.
आई आधी, बॅटरी नंतर, असा नियम होता.

मी खाणीच्या वर्कशॉपात लेथवर होते,
मला लोखंड कळतं, एवढंच.
पाच सिलिंडरांत दाब एकशे तीस,
चौथ्यात ऐंशी.
हेड उतरवलं (वेंडेलच आला उचलायला,
वाटभर आठाचे गुण गात),
चौथ्याचा एक्झॉस्ट वाल्व जळून कडेला कुरतडलेला,
उंदराने पोळी खावी तसा.

मग हात लागलाच आहे तर म्हणून
हेड साठ हजारांश घासलं.
एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर,
ग्रीन बेच्या एका म्हाताऱ्याकडून, गंजासकट.
इंजिन कललंय म्हणून डावीकडे ऐसपैस जागा,
नळ्या हव्या तेवढ्या लांब करा.
धूर जायला दोन वाटा, तीन-तीनच्या.
पॉइंट काढले, काळी डबी बसवली. आईला आवडली नसती.
पॉइंट ती स्वतः साफ करायची, नखं कापायच्या कानशीने.

वाल्वची फट मात्र जुन्याच रीतीने:
इंजिन तापलेलं, चालू, वरचं झाकण काढलेलं,
तेल मनगटावर उडतंय,
आणि हातात पानासारखी पातळ पट्टी.
इनटेकला दहा, एक्झॉस्टला वीस.
एक पाच तीन सहा दोन चार,
एक पाच तीन सहा दोन चार,
या क्रमात ते श्वास घेतं, मी ऐकत बसते.

वर्कशॉपातला म्हातारा ऑस्मो सांगायचा,
टकटकतो त्या वाल्वची काळजी करू नको.
फट उरलेली असते, म्हणून तो वाजतो.
गप्प असतो त्याला बघ.

चौथा गप्प होता.
आईही त्या शेवटच्या हिवाळ्यात कुरकुरली नाही.
मला वाटलं, बरं चाललंय.

पुढे काय लिहायचं ते ठरलं नव्हतं,
पण काल वेंडेलला फिरवून आणलं.
तो उजव्या टोकाला बसला, जिथे सीट खचलीय.
ती मी बदललेली नाही. स्प्रिंगसुद्धा नाही.
तलावाकाठच्या सरळ रस्त्यावर पाय दिला,
दोन्ही कार्ब्युरेटर एकदम उघडले,
तो दारावर कलंडला, सावरला, पुन्हा कलंडला.

'काय घातलंस यात?'
'सहाच.'
तो काही बोलला नाही.
पुढच्या वळणावर पेट्यांची रांग आली
आणि मी बघितलं, त्याचा हात
आपसूक खिडकीबाहेर गेला होता.