मालक स्वतः

गुणवंत धांडे म्हणतो, भादव्यात विका, भाऊ.
भादव्यात काळी माती फुगते, भेग मिटते,
वरून चुन्याचा एक हात मारला
की भिंत कालच बांधल्यावाणी.
दोन टक्के तुमचे, दोन समोरच्याचे.
बोलायचं काम माझं.
तुम्ही फक्त आतल्या खोलीत बसा.

मी तीस वर्षं लाइनमन.
कुणाचा आकडा, कुणाचं मीटर झोपवलेलं,
खांबावरून सगळं गाव दिसायचं.
आता स्वतःच्या स्लॅबची किंमत सांगायची
तर जीभ ट्रिप होते.

आठ लाखांचे दोन टक्के किती?
हिनं शेंगा मांडून हिशेब केला. सोळा हजार.
एवढ्यात आपली मोरी, ओटा अन् मागचं दार झालं होतं.
मग मी खांबांवर नंबर टाकायचा
उरलेला लाल रंग काढला
अन् रस्त्याकडच्या भिंतीवर लिहिलं:
घर विकणे आहे. मालक स्वतः.
विसर्ग ओला होता, ओघळला.
दोन टिंबांना दोन लाल शेपट्या.

पहिले आले एक मास्तर, बदलीवर आलेले.
भेग पाहून थांबले.
मी म्हटलं, चैतात बोट जाते, जेठात हात.
पोळ्यापर्यंत आपोआप मिटते.
अन् पाणी?
खारं. डाळ शिजत नाही.
हिचे दोन्ही मुतखडे याच बोअरचे,
म्हणून तर चाललो परतवाड्याला, गोड पाण्यावर.
मास्तरांनी अर्धा चहा तसाच ठेवला.
चहा कॅनच्या पाण्याचा होता,
ते सांगायचं राहिलं.

दुसरे आले, तिसरे आले.
ही आतून म्हणाली,
"तुमी घर इकून राह्यले, का मानसं हाकलून राह्यले?"

त्या रात्री स्लॅबवर पडल्या पडल्या समजलं
गुणवंत काय विकतो ते.
घर नाही.
आपण आतल्या खोलीत बसलेले असताना
बाहेर जे बोललं जातं
ते तो स्वतःच्या नावावर घेतो.
सोळा हजारांत हे महाग नाही.
मी दोनदा त्याचा नंबर काढला
अन् दोनदा मोबाइल उशाखाली सारला.

मग एका दुपारी शुद्धोधन इंगळे आला,
मागं रिकाम्या कॅन आदळणारा ऑटो,
बायको, तिच्या कडेवर पोर.
नळाचं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं चाटलं,
खिशातून पेनाएवढं यंत्र काढलं, बुडवलं,
आकडा पाहून हसला.
"काका, गोड असतं तर मी आलोच नसतो."
समोरच्या खोलीत फिल्टर बसवायचा म्हणे.
भेगेत बोट घालून पाहिलं:
"इथूनच पाइप काढतो."
बायकोनं एकच विचारलं,
रात्री वारा कुठून येते?
मी ओट्यावरची खिडकी दाखवली,
तिचा खिळा कसा उलटा फिरवायचा तेही.
गुणवंतला हा खिळा माहीत नव्हता.

तो सात लाखांवर अडला.
तेव्हा ही आतल्या खोलीतून बाहेर आली:
"सात ऐंशी. कूलर ठेवून जातो."

रजिस्ट्रीला दोन साक्षीदार लागतात.
एक शुद्धोधनचा साळा.
दुसरा दर्यापुरात ऐनवेळी कुठून आणणार?
गुणवंत होता बाकावर बसलेला, रोजच्यासारखा.
फुकट सही केली.
पेन परत देताना हळूच विचारलं,
"भेग सांगितली?"
सांगितली.
"पाणीही?"
तेही.
बराच वेळ तो शाईचं बोट पुसत राहिला.
"कोणाले सांगू नका, भाऊ. धंदा बसन माहा."
चहाचे पैसे त्यानंच दिले. मी देऊ दिले.

येताना एसटीत हिनं पुन्हा शेंगा काढल्या.
भावात वीस हजार गेले.
दलालीचे सोळा वाचले.
चार शेंगा तळहातावर उरल्या.
त्या कशाच्या, तिनं विचारलं नाही.
दोन मला दिल्या.