भेटीआधी, भेटीनंतर

दिवसाला चारशे रुपये आणि दुपारचा एक वडापाव,
एवढ्यावर मी माणसांचं ज्ञान मोजत होते
धुळ्यात, मैदानात उभारलेल्या काचेच्या बोगद्यापाशी,
जिथे मासे डोक्यावरून जात
आणि तिकीट साठ रुपये, तीन वर्षांखालच्यांना माफ.

एक फॉर्म आत जाण्याआधी, एक बाहेर आल्यावर.
प्रश्न पहिला : जैवविविधता म्हणजे काय?
प्रश्न दुसरा : आपल्या भागातल्या तीन माशांची नावं सांगा.
उत्तर येत नसेल तर चौकटीत नऊ लिहायचा.
नऊ म्हणजे माहीत नाही.

कापडण्याच्या एका बाई आत जाताना म्हणाल्या :
मरळ, वाम, झिंगे.
बाहेर आल्यावर त्याच बाई :
शार्क, गोल्डफिश, आणि तो चपट्या तोंडाचा,
काय बरं त्याचं नाव.
'नवी नावं' असा एक रकाना होता.
बाईंना पैकीच्या पैकी.

बोगद्यात लोक चालतात ते
पाठ काचेला, तोंड मोबाइलला.
एका टाकीपुढे सरासरी सात सेकंद,
अ‍ॅरापैमापुढे वीस,
कारण तो कंटाळलेल्या कारकुनासारखी जांभई देतो.
पाटीवर लिहिलं होतं : अ‍ॅमेझॉन.
"म्हणजे ऑनलाइन मागवला?" एकानं विचारलं,
चेष्टेनं नाही.

रेहान पिंजारी, इयत्ता तिसरी,
सगळ्यात लहान टाकीशी अडकला.
आत बोटाएवढा एकच मासा, पाटीही नाही.
काचेवर रेहानच्या नाकाची वाफ,
मागून आईची हाक, मग धपाटा, तरी हलेना.
बाहेर येऊन माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही,
मलाच विचारलं :
तो एकटाच का?
लाइट बंद केला की आपण त्याला दिसतो का?
फॉर्मवर प्रश्नांना जागा नव्हती.
मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवले.
सुपरवायझरनं कागद मोजले, उलटले नाहीत.

चारच्या सुमारास झिपरूबाबा वाडिले,
नातवाला आत सोडून
बाहेरच बसले, चपला काढून, मांडवाच्या सावलीत.
बाबा, तीन नावं सांगा.
"तीनच?"
आणि सुरू झाले. वाम, मरळ, शिंगाडा, खवली,
हा दगडाखाली राहतो, तो पुरात उलटा चढतो,
हा भाद्रपदातच दिसायचा, तो बाळंतिणीला द्यायचा,
एकाचं नाव आठवेना
तर बोटं वळवळवून दाखवलं, असा पळतो,
आणि बोटं खरंच पळाली.
चौदाव्या नावाला माझा समास संपला.
पुढची मी तळहातावर लिहिली.
आता आहेत का हे सगळे?
बाबांनी बोगद्याकडे पाहिलं, मग नदीच्या दिशेला.
"आते? आते त्यास्लेच ईचार."

संध्याकाळी मोठ्या पुलावर थांबले,
पिशवीत अठ्ठ्याऐंशी फॉर्म.
खाली पांझरा : जलपर्णी, निर्माल्याच्या पिशव्या,
कुणाची तरी एक सँडल.
बावीस वर्षं याच गावात,
आणि ही नदी मी नाक दाबून ओलांडत आले.
जलपर्णीच्या फटीत पाणी हललं.
काहीतरी वर आलं,
हवेचा एक घोट घेतला, गेलं.
एक वर्तुळ. मग तेही नाही.
पाटी नव्हती, दिवा नव्हता.
मी सेकंद मोजायला लागले,
विसाच्या पुढे कधीतरी विसरले.

एक कोरा फॉर्म उरला होता.
सकाळी धडाधड लिहिलं असतं मी,
रोहू, कटला, मृगळ,
पुस्तकात ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं.
आता तळहातावर घामानं पुसटलेली नावं,
आणि खाली जे होतं ते
त्यांतलं कुठलं, की कुठलंच नाही.
कठड्यावर कागद धरून
चौकटीत नऊ लिहिला
आणि मागची बाजू उलटली.