दुसऱ्या पंखाखालचा डबा

महाराजपुऱ्याच्या हँगरमध्ये माझी नोकरी
विमानाला गुळगुळीत ठेवण्याची.
रिव्हेटचं डोकं केसभर वर आलं
तर नखाला कळायचं,
आणि नखाला कळलं की डोळ्याला डोळा नाही.
झुंजारराव सार्जंट म्हणायचे, हात फिरव,
घोड्याच्या पुठ्ठ्यावरून फिरवतात तसा.
तुझ्यानंतर वारा फिरवणार आहे.

मग इलेक्ट्रॉनिक्सवाले आले
लांबट लाकडी पेटी घेऊन.
आत करडा डबा, तोंडाशी काचेचा डोळा,
पोटात काय, ते विचारायची आम्हाला मुभा नव्हती.
अंधारात बघतो म्हणे.
उजव्या पंखाखाली जागा नेमून दिलेली.
बोल्ट आवळले, टॉर्क मोजला, सही केली.
एवढंच म्हणालो,
दिसेल हो सगळं, पण हे बाहेर लटकतंय.

हवेला डब्यातली अक्कल कळत नाही.
किती कोटींचा, कुणी उद्घाटन केलं,
तिला काही नाही त्याचं.
ती येते, नाकाशी फाटते,
आणि पंख नि डबा यांच्यातल्या बोळात शिरते
तेव्हा सराफ्यात दोन टेंपो समोरासमोर यावेत
तशी अडून बसते.
नुसता डबा एवढा नडत नाही.
पंख तर नाहीच नाही.
नडतो तो शेजार.

बरगोहाईंसाहेब पहिल्या उड्डाणाहून उतरले,
शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले
आणि डाव्या पायाची पोटरी चोळत राहिले.
उजवीकडे ओढतंय, म्हणाले,
कुणी बाही धरून गोष्ट सांगत बसावं तसं.
टाकीत उरलेलं इंधन
कागदावरच्या हिशेबाहून कमी.
आणि एका ठरावीक वेगाला
पंखाच्या टोकात अशी थरथर,
की पुढे जायची इच्छाच होत नाही.

त्या वेगाच्या जरा अलीकडे
कॉकपिटमध्ये लाल पट्टी चिकटवली मीच.
ज्या यंत्राच्या अंगावर
मी सुईएवढा खडबडीतपणा राहू दिला नव्हता,
त्याला याच्या पलीकडे जाऊ नकोस म्हणताना
चिकटपट्टीखाली हवेचा बुडबुडा राहिला.
तो मी काढला नाही.

नंतर आम्ही खोटा डबा केला.
तीच लांबी, तेच वजन,
पोटात शिसं, डोळ्याच्या जागी पत्रा.
शेपटीला पिवळा पट्टा, ओळखू यावा म्हणून.
डाव्या पंखाखाली टांगला
आणि साहेबांची पोटरी बरी झाली.
इंधन आणखी जळलं, ते जळणारच.
थरथर तशीच राहिली.
पण विमान सरळ चाललं
एका आंधळ्याच्या जिवावर.
झुंजाररावांनी त्याच्यावर खडूने लिहिलं, जावईबापू.
दोन पावसाळे कुणी पुसलं नाही.

आता निवृत्त आहे. दाल बाजारातून
स्कूटरच्या एका बाजूला दहा किलो कणीक अडकवून निघतो
तेव्हा दुसऱ्या बाजूच्या पिशवीत
किल्ल्याच्या उतारावरचा एक पिवळा दगड असतो.
कुमुद विचारायची, दगड कशाला आणता घरी?
मग विचारेनाशी झाली.
अंगणात आता अकरा दगड आहेत.
तिने त्यांवर कुंड्या ठेवल्यात.

थंडीत सकाळी धुकं फाटलं
की पूर्वेकडून आवाज येतो.
उजव्या कानाने ऐकू येत नाही तेवढं,
म्हणून मान वळते आणि नजर उशिरा पोचते.
चपटं, करडं, वेगात.
दोन्ही पंखांखाली एकेक ठिपका.
एक बघत असणार.
दुसरा नुसता जड.
कुठला कुठला, ते खालून
मला अजून सांगता येत नाही.