फैजपूर, बस स्टँडसमोर, वरचा मजला

बावीस वर्षं झाली या खुर्चीत.
माउस अजून नवाच दिसतो,
मी त्याला हात लावत नाही.
लग्नपत्रिका, केळीच्या ट्रकच्या बिल्ट्या, दाखल्यांचे अर्ज,
सगळं बोटांत आहे,
शेहेचाळीस डिग्रीत, कूलरमध्ये पाणी ओतता ओतताही.

तरी कुणी विचारलंच
तर सांगेन.

कॉपी केलेलं ठेवायला एकच खिसा का?
चुडामणभाऊच्या बंडीला तीन आहेत,
चोरखिसा धरून चार.
इथे नवरीचं नाव उचललं
की नवरदेवाचं सांडतं.

मी लिहीत असताना
मधेच कुठल्या खिडकीने पुढे येऊ नये.
परवा "चि. सौ. कां." पर्यंत आले,
पुढचं अख्खं नाव
शाई संपत आल्याच्या सूचनेत जाऊन पडलं.
आमच्याकडे म्हैससुद्धा दारात थांबून आत बघते.

आणि "नक्की का?" हे विचारणं बंद कर.
एक रिकामी फाइल पुसताना तीनदा विचारतोस,
ऐन लग्नसराईत, जिन्यावर चार गिऱ्हाइकं असताना
अपडेट घेतोस, तेव्हा विचारलंस?
विचारू नकोस. चुकले तर परत यायची वाट तेवढी ठेव.

दुपारी चुडामणभाऊ आला.
खताच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी.
कोकिळावहिनीने इथेच बसून लिहून घेतलं होतं,
बचत गटासाठी, एकोणीस वर्षांपूर्वी.
उघडली.
टोप्या घातलेले ए, शेपटीवाले सी, पौंडाच्या खुणा.
तो जुना फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर नाही.
"मले तं काहीच समजत नी," भाऊ म्हणाला.

मला समजत होतं.
त्या फॉन्टमध्ये मी निम्मं आयुष्य टाइप केलंय,
कुठल्या टोपीखाली कुठला काना
हे बोटांना विचारायचं फक्त.
मी मोठ्याने वाचत गेले:
ज्वारी तीन दिवस भिजवायची. पाणी रोज बदलायचं.
तिखट बेताचं,
घरच्या माणसाला ठसका लागतो.

भाऊ कूलरकडे बघत म्हणाला,
"आता नी लागत."

सगळं नव्याने टाइप केलं.
ज्वारी बरोबर, तीळ बरोबर, लसूण बरोबर,
फक्त "बिबड्या" खाली लाल नागमोडी रेघ.
म्हणजे असं काही नसतंच.
याचा शॉर्टकट मला पाठ आहे.
तरी माउस शोधला, धूळ पुसली,
भाऊच्या हातात दिला.
इथे. उजवं बटण. आता हे, "शब्दकोशात जोडा".
त्याने नांगराच्या मुठीसारखा दाबून धरला.

रेघ गेली.

तेवढ्यात लाइट पण गेली.
यूपीएस कोकलायला लागला, भाऊ दचकून उठला,
"गेलं का वं समदं?"
नाही.
सेव्ह कधीच केलं होतं,
ठसक्याच्या ओळीपाशी.