प्रीसेट चार

कन्ना चौकात, रसवंतीच्या वर,
सहा बाय आठची खोली. दाराला पाटी नाही.
मंडळवाले जिन्यातूनच ओरडतात
आणि मी अँप्लिफायर उघडते.

आत आता फार काही नसतं.
पूर्वी ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला की मांडी बधिर व्हायची.
आता नखाएवढी चिप, तिच्या पोटात
आवाज नसतोच, आकडे असतात,
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार,
पगाराच्या दिवशी अंगठा उठवून
एकेकानं पुढे सरकावं तसे.

व्हॉल्यूमचं तिथं उलटं. टोकाला शून्य.
शून्य म्हणजे पूर्ण मोकळा.
तिथून खाली सगळं उणे: उणे सहा, उणे वीस, उणे साठ.
बसवराज हत्तुरेला हे पटत नाही.
"शून्यावर ठिवलीस म्हणतीस, मग पैसे कशाचे?"

म्यूट दाबलं तरी आवाज तोडायचा नसतो.
तोडला की टक्क होतं, स्पीकर दचकतो.
पायरीपायरीनं उतरवायचा,
इतक्या बारीक पायऱ्या
की ऐकणाऱ्याला उतरल्याचं कळू नये.

अप्पांचं तसंच झालं.
एकतीस वर्षं पॉवरलूम. आठ माग, दोन माणसं,
धोटा डावीकडून उजवीकडे.
टक्क कधी झालंच नाही.

कानाच्या डॉक्टरनं आलेख दिला.
बरीच वाट सपाट, आणि चार हजार हर्ट्‌झला खड्डा.
मी धंद्याच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हटलं,
नॉच. काय सुबक काढलीय.
मग लाज वाटली.

आधी सगळे करतात तेच केलं, खड्डा भरला.
चार हजार वर चढवले, बारा, मग अठरा.
अप्पांनी हेडफोन काढून चटईवर ठेवले.
म्हणाले, "टाचण्या."

म्हणून एका रविवारी उलटं केलं.
त्या खड्ड्याचे आकडे चिपला दिले,
आईचं बोलणं मोबाईलमध्ये भरून आणलं होतं,
आणि अप्पांचा कान माझ्या कानाला लावला.

आई बिड्या वळता वळता सांगत होती,
"सरोजा, शेंगाचटणी संपली, सांग त्यांना."
मला आलं:
"अरोआ, एंगाअटणी अंपली, आंग यांना."
मधे तिची कात्री चालू होती, तिचा पत्ताच नव्हता.
मी स्वतः माइकमध्ये सोलापूर म्हणून पाहिलं.
ओलापूर.

व्हॉल्यूम वाढवूनही पाहिला, आई ओरडते तितका.
वाढवला की जे पोचतं तेच वाढतं.
जे पोचत नाही, ते मोठ्यानंही पोचत नाही.
इतकी वर्षं आम्ही घरात अप्पांना
नुसते स्वर ओरडून ऐकवत होतो.

तो फिल्टर पुसला नाही. चौथ्या प्रीसेटला ठेवलाय,
गणपतीच्या बेसच्या खाली. नाव दिलं नाही.

एक सांगायचं राहिलं. फिल्टरची आठवण तोकडी असते.
आताचा नमुना, मागचे दोन,
एवढ्यावर तो पुढचं काढतो.
अप्पाही तसेच. भाकरी झाली, कालवण झालं,
म्हणजे तिसरं पाणीच;
आईनं तोंड उघडायच्या आत हात तांब्याकडे.
बहुतेकदा बरोबर येतं.
म्हणून तर कुणाला कळलं नाही.

परवा मंगळवारी आई वाढता वाढता
मागच्या दोन वाक्यांशी संबंध नसलेलं बोलली:
"बोटं सुन्न पडतात. उद्यापासून बिड्या बंद."
आणि हळूच, तेलुगूत, "इनबड्डदा?"

अप्पा म्हणाले, "हां. अर्धीच."

आई थांबली.
मग तिनं अर्धी भाकरी वाढली.