चाळीस ग्रॅम

माझ्याकडे एक किलो आहे.
पितळेचा, लाल मखमलीच्या डबीत.
त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही,
घामानेही वजन वाढतं.
मी काटे दुरुस्त करतो. परवाना आहे,
सरकारी, मुदत संपली की नवा करावा लागणारा,
म्हणून या वादात माझं मत धरू नका.

वाद पेटला बुधवारच्या बाजारात,
सावळी खुर्दच्या चिंचेखाली.
प्रज्योत गुल्हानेने शिक्क्याची पावती
दोन बोटांत धरली, मेलेल्या पालीसारखी:
"साहेब वर्षातून एकडाव येते, जीपखाली उतरत नाही.
काट्याले शिक्का कायले पायजे, शब्बीरभाई?
म्या माप मारलं तं गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाईन.
थेच माहा इन्स्पेक्टर.
सरकार म्हंजे दुकानात बसलेला पाव्हना,
चहा पेते, उठत नाही.
भाव मोकळा सोडा पान्यावानी,
आपली पातळी आपनच शोधते."

देवकाबाई मेश्राम मिरचीचे देठ खुडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पानी उतारावर जाते, बापू.
माहं वावर चढावर हाय."

लोक हसले. प्रज्योतही हसला.
पोरगा वाईट नाही. गावची हळद
दलालाला न विचारता थेट नागपूरला
पहिल्यांदा त्यानेच पाठवली होती,
आणि तेव्हा पैसे खरंच जास्त आले होते.

मग देवकाबाईच उलटली:
"पन खरं सांगू? माह्या मायले
मोहाच्या टोपलीपाई नाक्यावर दोन घंटे उभं केलं गार्डानं.
झाड देवाचं, फूल भुईवर पडेल, पास सरकारचा.
तवा मलेही वाटलं, हे सरकार घरी गेलं पायजे."
"मंग!" प्रज्योत म्हणाला.
"मंग काय. गार्ड गेला.
मोहाचा येकच व्यापारी उरला.
थो दोन घंटे उभं नाही करत.
थो भाव सांगते, अन् गाडी चालूच ठेवते."

कोणी जिंकलं नाही.
मी डबी उघडली. कुतूहल, दुसरं काय.
प्रज्योतचा काटा बरोबर निघाला,
केसाचाही फरक नाही.
(जरा निराशा झाली, खोटं कशाला बोलू.)
देवकाबाईची तागडी किलोमागे चाळीस ग्रॅम चुकत होती,
तिच्याच विरुद्ध.
किती वर्षं ती जास्त देत आली, कोण जाणे.
शिक्क्याला ते दिसलं नाही.
गिऱ्हाइकाला दिसलं असेल,
पण जास्त मिळाल्याची तक्रार कोण करतं?

मी दांडी घासली, पारडं सरळ केलं.
पुढच्या बुधवारी बायकांनी पुडी हातावर तोलली,
म्हणाल्या, "देवका, तूही शिकली व!"
आणि पलीकडच्या पथारीवर गेल्या.

तिसऱ्या बुधवारी ती माझ्यापुढे उभी:
"भाऊ, थे चाळीस गिराम वापस घाल."
मी म्हणालो, कायद्यात बसत नाही, बाई,
चुकीचा काटा करून दिला तर परवाना जाईल माझा.
प्रज्योत म्हणाला, तिचा माल, तिची मर्जी,
तुहा कायदा मधात कायले?
आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं पटलं,
आणि त्याच दिवशी मी डबीची कडी घट्ट लावली.

तिने आम्हा दोघांकडे पाहिलं,
वाटेत शिंगं अडकवून बसलेल्या गोऱ्ह्यांकडे पाहावं तसं,
आणि टोपलीकडे परत गेली.

आता ती काट्यावर बरोबर तोलते.
काटा थांबला की वरून एक मूठ टाकते,
न मोजता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत.
प्रज्योत त्याला स्कीम म्हणतो.
साहेब उतरले असते जीपमधून, तर म्हणाले असते,
हे आमच्या कक्षेत येत नाही.

माझी मजुरी साठ रुपये होत होती.
तिने ओंजळभर मिरच्या दिल्या, पेपरात बांधून.
रात्री घरी डबी काढली, दिवा जवळ घेतला,
तोलल्या.
किती भरल्या ते सांगणार नाही.