डाव्या हाताला केस नाहीत

माझ्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत
एक केस नाही.
गंगेवर लोक विचारतात, भाजलं का हो?
नाही म्हणतो. दगड पाहतोय.

सोमेश्वरला धबधब्याखालून एक आणला.
काळाभोर, पाण्यानं किती वर्षं हात फिरवलेला.
दुसऱ्याच फेरीला त्यातला कण सुटला,
धारेला खांडा पडला.
गुळगुळीत म्हणजे बारीक नव्हे,
हे मला पन्नाशीत कळावं!

भद्रकालीत फरीद भंगारवाला म्हणाला, "जर्मन आहे, जुना."
नखानं वाजवला. बद्द.
तरी घेतला, वीस रुपयांना,
त्याची बोहनी व्हायची होती.

एकावर थेंब सोडला आणि आकडे मोजले.
सातच्या आत प्यायला.
एवढी तहान असलेला दगड विळीला चालेल,
पिंपळगावच्या द्राक्षकात्र्यांना चालेल,
गालाला नाही.

मग पाथर्डी फाट्याच्या मागं, डोंगर कापलाय तिथं,
दोन काळ्या थरांच्या मध्ये
वीतभर तांबडी रेघ.
तिचा तुकडा आठवडाभर काचेवर घासून सपाट केला.
ओला केला की नव्या माठाचा वास.
पातं त्यावर आधी कुजबुजलं,
मग गप्प झालं.
यमूच्या फणीतला केस काढला,
ताणला नाही, नुसता लोंबता धरला.
कधी तुटला ते बोटांना कळलं नाही.

पण कोणासाठी?
घाटावर तर जो तो म्हणतो, नवं ब्लेड टाका,
आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर पुडी फाडतो.

वस्तरा उरलाय फक्त दादांना.
त्यांना दिसत नाही, तीन वर्षं झाली.
त्यांची सिल्ली, मधे पन्हाळीसारखी खोल गेलेली,
आषाढात माझ्या हातून पायरीवर पडली.
दोन तुकडे.
सांगितलं नाही.
धोपटीच्या तळाशी आहेत, जुन्या चामोट्यात गुंडाळून.

काल खुर्ची दारात घेतली.
उजेड मला, ऊन त्यांना.
तांबड्या दगडावरचा वस्तरा कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत आला,
कुठं अडला नाही.
गळ्यापाशी मीच थांबलो जरा.

दादांनी उलट्या हातानं गाल चाचपला.
"पाणी कमी घेतलंस," म्हणाले.
"नव्या दगडाला जास्त लागतं."